छापखान्यावाचून छपाई : लिनोकटाचा घरगुती इतिहास

१

मराठीत मुद्रणाचा इतिहास म्हणून आजवर जे लिहिले गेले, तो बहुतांशी छापखान्यांचा इतिहास आहे. गोव्यात १५५६ साली उतरलेले मुद्रणयंत्र, गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर काढलेले पंचांग, त्यानंतरचे खिळे पाडण्याचे कारखाने, वृत्तपत्रे आणि पाठ्यपुस्तके हा क्रम अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यामागे एक गृहीतकृत्य आहे. छापण्याची क्रिया छापखान्यातच घडते, हे ते गृहीतकृत्य होय.

भाषेचा पुरावा याच्या विरुद्ध आहे. ‘छापखाना’ हा शब्द छापणाऱ्या संस्थेसाठी यंत्राबरोबर आला. ‘छाप’, ‘ठसा’, ‘शिक्का’, ‘मुद्रा’ हे शब्द मात्र त्याच्याही आधी व्यवहारात रुळलेले होते. मुद्रा आणि मोर्तब ही दफ्तराची भाषा; छापा आणि काटा ही नाण्याची; ठसा ही कापडावर लाकडी ठोकळ्याने नक्षी उठवणाऱ्या कारागिराची. यांपैकी कोणत्याही क्रियेला यंत्र लागत नाही. एक कोरलेला पृष्ठभाग, थोडा रंग आणि हाताचा दाब एवढी सामग्री पुरते. घरातसुद्धा हे चालत आले आहे. गौरी आणण्याच्या दिवशी मुठीची कड ओल्या पिठात बुडवून उंबरठ्यापासून पावले उमटवली जातात आणि बोटांच्या टोकांनी त्यांना बोटे काढली जातात, तीही छपाईच आहे. आडव्या चिरलेल्या भेंडीला रंग लावून कागदावर फुले उठवणारे शाळकरी मूल तेच करीत असते. या क्रियांना आपण ‘छपाई’ म्हणत नाही, याचे कारण एवढेच की छपाई या शब्दाचा अर्थ छापखान्याने व्यापून टाकला आहे.

‘ठसा’ या शब्दाची आणखी एक विशेषता येथे नोंदवली पाहिजे. ज्याने दाबावयाचे ते साधन आणि दाबल्यावर जी खूण उमटते ती, या दोहोंनाही मराठीत ठसा असेच म्हणतात. कारागीर ठसा कोरतो आणि कापडावर ठसाच उमटतो. विवेचनात गोंधळ होऊ नये म्हणून प्रस्तुत लेखात कोरलेल्या साधनाला ‘ठोकळा’ व उमटलेल्या चित्राला ‘ठसा’ म्हटले आहे.

या लेखाचा विषय ‘लिनोकट’ हा आहे. लिनोलियम नावाच्या, जमिनीवर अंथरावयाच्या पदार्थाच्या तुकड्यावर चित्र कोरून, त्याला शाई लावून कागदावर ठसा घेणे, असे त्याचे सरळ वर्णन करता येईल. कलेच्या इतिहासात त्याला फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. काष्ठमुद्रेचा हा स्वस्त आणि सोपा अवतार, शाळेतील मुलांनी करावयाची गोष्ट, अशी त्याची संभावना होत आली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सोपेपणाच त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. छापखान्याच्या युगात, छापखान्यात न जाता, घरच्या मेजावर अनेक प्रती काढण्याची शक्ती सामान्य माणसाच्या हाती परत आली ती लिनोकटामुळे. पुढील विवेचन याच मुद्द्याला धरून आहे.

२

प्रथम पदार्थाचा विचार करू. लिनोलियम हा शोध इंग्लंडातील फ्रेडरिक वॉल्टन (१८३४–१९२८) यांचा. जवसाच्या तेलाचा रंग उघडा राहिला की त्यावर चिवट, लवचीक साय धरते, हे रोजचेच दृश्य. या सायीपासून रबरासारखा काही पदार्थ करता येईल काय, या विचारातून त्यांनी प्रयोग केले आणि १८६३ साली एकस्व मिळवले. हवेने घट्ट झालेले जवसाचे तेल, राळ, बुचाचा भुगा आणि रंगद्रव्ये यांचा लगदा तागाच्या जाड कापडावर दाबून बसवला की लिनोलियम तयार होते. नावही त्यांनीच बनवले. लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल. या दोहोंचा तो समास आहे. आपल्याकडे रविवर्म्याच्या चित्रांमुळे घरोघर परिचित झालेल्या ‘ओलिओग्राफ’ या शब्दातही हेच ‘ओलेउम’ आहे.

या नावाची पुढची कथा भाषाभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. वॉल्टन यांच्या एकस्वाची मुदत संपताच स्कॉटलंडातील कर्कॉडी येथील मायकेल नेअर्न यांच्या कंपनीने तोच पदार्थ त्याच नावाने विकावयास प्रारंभ केला. वॉल्टन यांच्या कंपनीने न्यायालयात धाव घेतली. १८७८ साली न्यायमूर्ती फ्राय यांनी निर्णय दिला तो असा, की या पदार्थाला दुसरे नावच नाही. म्हणून ‘लिनोलियम’ हे आता कोणा एकाच्या मालाचे चिन्ह राहिलेले नसून पदार्थाचे नाव झाले आहे. विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेत नित्य घडणारी घटना आहे. पण ती न्यायासनाकडून अशी शिक्कामोर्तब होऊन नोंदली गेल्याची इतकी जुनी उदाहरणे थोडी. ज्या पदार्थाने पुढे छपाई सर्वांची केली, त्याचे नाव आधीच सर्वांचे झाले होते.

जवस या वनस्पतीचा मुद्रणाशी असलेला संबंध एवढ्यावर संपत नाही. छपाईची पारंपरिक शाई म्हणजे काजळी आणि आटवलेले जवसाचे तेल यांचे मिश्रण. याच कुळातील वनस्पतीच्या वाखापासून लिनन हे कापड होते आणि युरोपात शतकानुशतके कागद झाला तो या कापडाच्या चिंध्यांपासून. लिनोकटात ठोकळ्याचीही भर पडली. ठोकळा आणि शाई, दोन्हींत तेच तेल. आणि जुन्या चिंधीच्या कागदावर ठसा घेतला तर कागदही त्याच कुळातला.

हिंदुस्थानाचा या व्यवहाराशी संबंध होता तो कच्च्या मालाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवसाचे बी मोठ्या प्रमाणावर येथून युरोपात जात असे. नागपूर-विदर्भाकडील जवस रेल्वेने मुंबई बंदरात येई आणि तेथून बाहेर जाई. ताग बंगालचा. म्हणजे ज्या वस्तूवर पुढे शांतिनिकेतनात आणि मुंबईत चित्रे कोरली गेली, तिच्या घडणीत या देशातील शेताचा आणि शेतकऱ्याचा वाटा आधीपासूनच होता. पक्का माल म्हणून ती परत आली तेव्हा कार्यालयांच्या आणि आगबोटींच्या जमिनीवर तिला जागा मिळाली.

३

इतिहास पुढे नेण्यापूर्वी कृती समजून घेणे अवश्य आहे. कारण लिनोकट घरी का येऊ शकला याचे उत्तर कृतीतच आहे.

छपाईचे तीन मूलप्रकार मानतात. उठावाच्या छपाईत कोरून उरलेला उंच भाग शाई घेतो. खोदीव छपाईत रेषेच्या खाचेत शाई बसते. शिळाछापात दगडाचा पृष्ठभाग सपाटच असतो आणि तेल व पाणी यांच्या वैरावर सारे काम चालते. खाचेतील शाई ओढून घेण्यास प्रचंड दाब लागतो, म्हणून खोदीव छपाईला चरक आवश्यक. शिळाछापाला जड दगड, रसायने आणि चरक, तिन्ही हवेत. उठावाच्या छपाईला मात्र हाताचा दाब पुरतो. काष्ठमुद्रा याच प्रकारची आहे. पण लाकडाला रेषा असतात. त्यांच्या विरुद्ध हत्यार नेले तर ढलपी उडते, आणि हे कसब हाती येण्यास वर्षे लागतात. लिनोलियमला रेषा नाहीत. हत्यार कोणत्याही दिशेला सारख्याच सुलभतेने चालते. उन्हात थोडा वेळ ठेवला की तुकडा आणखी मऊ होतो.

प्रस्तुत लेखक काही वर्षे सुट्टीच्या दिवसांत हे काम घरी करीत आला आहे. त्या अनुभवावरून सांगावयाचे तर सामग्री थोडी लागते. वीतभर लांबीरुंदीचा लिनोचा तुकडा, बारीक रेषेसाठी टोकदार खाचेची एक पटाशी, मोकळी जागा काढण्यासाठी एक गोल पटाशी, शाई पसरण्यास काच, एक लहान रबरी रूळ आणि पातळ पण चिवट कागद, एवढे पुरते. चित्र तुकड्यावर उलटे उतरवावयाचे. जे काळे हवे ते राखावयाचे, जे पांढरे हवे ते कोरून टाकावयाचे. कोरताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असावा, हा नियम नवशिक्याने पहिल्या दिवशीच अंगी बाणवावा. पात्याला धार नसेल तर जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर लावलेले पातेच घसरते.

शाई काचेवर रुळाने पसरताना बारीक चुरचुर आवाज येऊ लागला की ती योग्य पातळ झाली असे समजावे. जाड शाई बारीक खाचा बुजवते. शाई लावलेल्या तुकड्यावर कागद ठेवून तो लाकडी चमच्याच्या किंवा पळीच्या पाठीने लहान लहान वर्तुळांत घासावयाचा. एक कोपरा हलकेच उचलून पाहता येतो. जेथे फिके वाटेल तेथे पुन्हा कागद टेकवून घासता येते. ही सोय कोणत्याही यंत्रात नाही. पहिले दोन ठसे बहुधा फिकेच येतात, कारण कोरा तुकडा शाई पितो. नंतरचे ठसे नीट येऊ लागतात. मग ते दोरीवर टांगून दोन-चार दिवस वाळवावयाचे. स्वयंपाकघरातील पळीने चरकाची जागा घेतली, हे या कृतीचे सार आहे.

अक्षरे कोरू लागल्यावर भाषेच्या अभ्यासकाला यात एक निराळाच लाभ होतो. ठोकळ्यावर देवनागरी उलटी कोरावी लागते. काना अक्षराच्या डावीकडे जातो. पहिली वेलांटी उजवीकडे येऊन दुसरीच्या जागी बसते आणि दुसरी पहिलीच्या जागी. लिहिताना हात ज्या गोष्टी विचाराशिवाय करतो, त्या प्रत्येकीचा येथे विचार करावा लागतो. शिवाय कोणत्या अक्षराचे अस्तित्व किती बारीक तंतूवर अवलंबून आहे हे पात्याच्या टोकाशी कळते. ‘ब’च्या पोटातील रेषा तुटली की त्याचा ‘व’ होतो. ‘घ’ची शिरोरेषा एका ठिकाणी उडाली की ‘ध’, आणि ‘म’ची उडाली की ‘भ’ होऊ पाहतो. जुन्या पोथ्यांत लेखकांच्या हातून झालेले पाठभेद तपासावेत, तर ब-व, घ-ध, म-भ याच जोड्या वारंवार भेटतात. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या १९४१ च्या पाठचिकित्साविषयक इंग्रजी ग्रंथात अक्षरसाम्यातून उद्भवणाऱ्या अशा प्रमादांचा विचार आलेला आहे. पोथी उतरणाऱ्याचा डोळा जेथे फसतो तेथेच कोरणाऱ्याचा हात फसतो. कारण दोघांची अडचण लिपीच्या रचनेतच आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. देवनागरीचे खिळे पाडणे हे मोठे जिकिरीचे काम होते. व्यंजने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या रोमन लिपीच्या कितीतरी पट होते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ भाषेने मराठी असूनही १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुण्यात नाना फडणीसांच्या काळी चार्ल्स मॅलेट यांच्या साहाय्याने एका तांबटास तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरण्याचे शिक्षण देण्यात आले होते. नानांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ साली तेथे ती गीता छापली गेली. पुढे शिळाछाप मराठीत झपाट्याने रुजला, त्याचेही एक कारण हेच, की दगडावर जसे लिहावे तसे छापले जाई. खिळ्यांची अडचणच नव्हती. कोरलेल्या किंवा लिहिलेल्या पृष्ठभागाला ‘क्ष’ आणि ‘अ’ सारखेच. लिनोकट या दृष्टीने मिरजेच्या पत्र्यांचा आणि शिळाछापाचा वारस ठरतो. फरक एवढाच, की त्या दोहोंना आश्रयदाता किंवा भांडवल लागले. याला लागत नाही.

४

फरशीचा हा पदार्थ चित्रकाराच्या मेजावर आला तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी. व्हिएन्ना येथे फ्रांझ चिझेक (१८६५–१९४६) हे मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग चालवीत. मुलांना मोठ्यांची चित्रे गिरवावयास न लावता त्यांना स्वतःच्या कल्पनेने काम करू द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. त्या वर्गात लिनोकट हे एक आवडते साधन झाले. मुलाच्या हाताला झेपेल इतके ते मऊ होते, आणि ठळक आकारांतच विचार करावयास ते शिकवी. १९२० साली या मुलांच्या कामाचे प्रदर्शन लंडनमध्ये भरले, आणि शाळांतून लिनोकटाचा प्रसार होण्यास त्याचे साहाय्य झाले. ‘मुलांचे साधन’ ही ओळख त्याला चिकटली तीही याच काळात.

ही ओळख पुसून त्याच सोपेपणाचा तात्त्विक पुरस्कार करणारा मनुष्य म्हणजे क्लॉड फ्लाइट (१८८१–१९५५). लंडनमधील ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्ट ही संस्था १९२५ साली निघाली. तेथे १९२६ पासून १९३० पर्यंत फ्लाइट यांनी लिनोकट शिकवला. १९२७ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले आणि १९२९ साली रेडफर्न गॅलरीत ब्रिटिश लिनोकटांचे पहिले प्रदर्शन झाले. त्यांचे म्हणणे असे, की लिनोकटाला जुन्या परंपरेचे ओझे नाही, म्हणून यंत्रयुगाच्या वेगाचे चित्र काढण्यास तो योग्य. आणि तो स्वस्त आहे, म्हणून सामान्य माणसाच्या घरातील भिंतीला योग्य. मोडक्या छत्रीची काडी घासून तिची पटाशी करता येते, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. छापण्यासाठी चरक न वापरता कागदाच्या पाठीवर हाताने घासावे, अशी त्यांची पद्धत होती. चित्राची किंमत सामान्य माणूस बिअरच्या पेल्याला किंवा सिनेमाच्या तिकिटाला जे देतो तेवढी असावी, अशी त्यांची इच्छा होती.

ही इच्छा सफळ झाली नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. प्रदर्शनांत हे ठसे गिनीच्या भाषेत विकले गेले. प्रतींची संख्या मर्यादित ठेवून प्रत्येकीवर क्रमांक घालण्याची प्रथा लिनोकटालाही लागू झाली. फ्लाइट यांच्या शिष्या सिबिल अँड्रूज आणि सहकारी सिरिल पॉवर यांचे ठसे आज लिलावात लाखो रुपयांना जातात. कृती घरगुती राहिली, पण वस्तू घरातून निघून पेढीत गेली. पुढे १९५० नंतरच्या दशकात पिकासो यांनी दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिस येथे अर्नेरा या मुद्रकाच्या साहाय्याने लिनोकटात मोठे काम केले. एकाच तुकड्यावर टप्प्याटप्प्याने कोरीत जाऊन रंगावर रंग छापण्याची पद्धत त्यांच्यामुळे प्रसिद्ध झाली. या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला आधीचे चित्र ठोकळ्यावरून कायमचे नाहीसे होते. तंत्राच्या दृष्टीने ही भर मोठी आहे. पण ती मुद्रकाच्या कार्यशाळेत पडली, म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा एवढा उल्लेख पुरे.

५

लिनोकटाच्या सामाजिक शक्तीचा प्रत्यय अधिक स्पष्टपणे येतो तो हिंदुस्थानात. शांतिनिकेतनातील कलाभवनात १९२० नंतरच्या दशकात उठावाच्या छपाईला चालना मिळाली. फ्रेंच चित्रकर्ती आंद्रे कार्पेलेस यांनी तेथे लाकडावरील कोरीव कामाचे धडे दिले. नंदलाल बसू (१८८२–१९६६) हे १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन व जपान या देशांत जाऊन आले होते. तेथील काष्ठमुद्रांची परंपरा त्यांनी जवळून पाहिली. लिनोलियमचा तुकडा या वातावरणात येताच त्याला दोन कामे मिळाली, आणि दोन्ही १९३० या एकाच वर्षातली आहेत.

पहिले काम ‘सहज पाठ’. मुलांना बंगाली अक्षरओळख व वाचन शिकवण्यासाठी रवींद्रनाथांनी लिहिलेल्या या पुस्तकाला नंदलालांनी लिनोकटाची चित्रे दिली. ठळक काळे आणि कोरे पांढरे एवढ्याच भांडवलावर ती उभी आहेत. अक्षर शिकणाऱ्या मुलापुढे चित्रही अक्षरासारखेच काळ्यापांढऱ्याच्या स्पष्ट भेदाने यावे, ही योजना अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखी आहे.

दुसरे काम ‘बापूजी’. मिठाच्या सत्याग्रहासाठी निघालेले महात्मा गांधी, हातात काठी, पाऊल पुढे पडलेले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेली ही आकृती सर्वपरिचित आहे. तिची एक प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. लिनोकटात काळे आपोआप मिळते. पांढऱ्यासाठी श्रम करावे लागतात. नंदलालांनी अगदी मोजक्याच रेषा कोरल्या. हे चित्र तैलरंगात झाले असते तर एका भिंतीवर राहिले असते. ते ठसा म्हणून जन्मले, म्हणून आरंभापासूनच ते अनेकांचे होते. ज्या चळवळीने घरोघरी सूत कातावयास आणि घरच्या घरी मीठ करावयास सांगितले, तिच्या नायकाचे सर्वांत स्मरणीय चित्र घरच्या हत्यारांनी होण्यासारखे असावे, यात एक औचित्य आहे.

६

महाराष्ट्राशी ज्याचा थेट संबंध आहे असे उदाहरण चित्तप्रसाद यांचे. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) यांचा जन्म बंगालातील नैहाटीचा. जातिवाचक म्हणून आडनाव त्यांनी टाकून दिले आणि ‘चित्तप्रसाद’ एवढ्याच नावाने ते काम करू लागले. कोणत्याही कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. १९४३ च्या दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात हिंडले. भुकेने मरणाऱ्यांची शाईने काढलेली रेखाचित्रे आणि सोबत स्वतःचा वृत्तान्त यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली, तेव्हा सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या.

या घटनेचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे, की छापलेल्या वस्तूवर सत्तेची पकड कोठे बसते ते तीवरून कळते. पुस्तिका छापखान्यात होते. तिचा मुद्रक, तिचे ठिकाण आणि तिचा साठा सरकारला ठाऊक असतो. साठा सापडला की पुस्तिका संपते. घरात कोरलेल्या ठोकळ्याचे असे नाही. प्रती नाहीशा झाल्या तरी ठोकळा पुन्हा शाई घेऊ शकतो, आणि तो ठेवण्यास पेटीचा तळ पुरतो.

१९४६ साली चित्तप्रसाद मुंबईस आले आणि अंधेरीत राहिले. १९४८-४९ च्या सुमारास कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यापासून ते दूर झाले. पक्षाची नियतकालिके आणि त्यांचा छापखाना ही साधने त्यांच्यामागून गेली. उरले ते घर, पटाशी आणि लिनोचा तुकडा. पुढची सुमारे तीन दशके त्यांनी मुख्यतः या साधनावर काढली. कामकरी स्त्रीपुरुष, शेतकरी, आई आणि मूल हे त्यांचे विषय. कष्ट करून पोट भरणाऱ्या मुलांवरील त्यांची लिनोकटमाला विशेष प्रसिद्ध आहे. ज्यांच्या वाट्याला परीकथा आल्या नाहीत असे देवदूत, असा तिच्या इंग्रजी नावाचा आशय आहे. १९६९ साली युनिसेफच्या डॅनिश समितीने ती प्रकाशित केली. मुलांसाठी त्यांनी रामायणाची चित्रे लिनोवर कोरली आणि अंधेरीत ‘खेलाघर’ नावाचे बाहुल्यांचे नाट्यघरही चालवले. चेक दिग्दर्शक पावेल होब्ल यांनी १९७२ साली त्यांच्यावर लघुपट केला. मुंबईने मात्र त्यांच्याकडे फारसे लक्ष दिल्याचे दिसत नाही. ते आयुष्याच्या अखेरीस कलकत्त्यास परत गेले आणि तेथेच १९७८ साली वारले.

चित्तप्रसादांच्या लिनोकटांत हत्यार घाईने चाललेले दिसत नाही. झाडाचे पान, घोंगडीचा पोत, बैलाच्या अंगावरील केस यांना प्रत्येकी निराळी खाच आहे. ज्यांना आयुष्याने काही दिले नाही त्यांच्या चित्राला देता येण्यासारखी एकच गोष्ट चित्रकाराजवळ होती, ती म्हणजे वेळ. आणि ती त्याने सढळ हाताने दिली. लिनोकट सोपा आहे याचा अर्थ तो उथळ आहे असा नव्हे. साधन सोपे असले म्हणजे कामातील सारी कठीणता माणसाच्या दृष्टीत आणि हातात येऊन राहते, एवढेच त्यावरून ठरते.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. घरगुती छपाई आपल्या मुद्रणेतिहासात का आली नाही? याला एक तत्त्वाचे आणि एक व्यवहाराचे कारण आहे. तत्त्वाचे कारण वर सांगितले; छपाईची आपली कल्पनाच छापखान्याशी बांधलेली आहे. व्यवहाराचे कारण नोंदीत आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालणे आणि प्रती सरकारात दाखल करणे आवश्यक केले. त्या प्रतींवरून सरकारी याद्या झाल्या. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारखे अजोड कार्य उभे राहिले तेही पुस्तक या नोंदता येणाऱ्या वस्तूच्या आधारावर. इतिहासकार जे सापडते त्यावर लिहितो, आणि सापडते ते बहुधा नोंदलेले असते. घरी उठवलेला सुटा ठसा, हाताने छापलेले शुभेच्छापत्र, वर्गाच्या हस्तलिखिताचे ठसा घेतलेले मुखपृष्ठ ही पुस्तके नव्हेत, नियतकालिके नव्हेत. म्हणून ती कोणत्याच यादीत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर फरशीच्या धंद्यातून लिनोलियम पुष्कळसे मागे पडले आणि प्लॅस्टिकने त्याची जागा घेतली. लिनोकटासाठी लागणारे तुकडे आज चित्रसाहित्याच्या दुकानात स्वतंत्रपणे विकत मिळतात. जोडीला मऊ रबराचे आणि प्लॅस्टिकचे तुकडेही आले आहेत. म्हणजे ज्या वस्तूचा मूळ उपयोग विसरत चालला, तिचे नाव आता या कलेनेच टिकवून धरले आहे.

यावरून अभ्यासकांपुढे एक काम उभे राहते. भाषाविभाग, ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये यांनी छापील पुस्तकांबरोबर हाताने ठसवलेले कागद आणि शक्य तेथे ठोकळेही संग्रहित करावेत. ठोकळ्यावर उलटी कोरलेली अक्षरे लिपीच्या अभ्यासाला उपयोगी आहेत. ठशांचे विषय समाजेतिहासाला उपयोगी आहेत. आणि दोन्हींची नोंद झाल्याशिवाय मराठी मुद्रणाचा इतिहास हा मराठी छापखान्यांचाच इतिहास राहील. ठोकळे मोडतात, उन्हाने ठिसूळ होतात, घर बदलताना टाकून दिले जातात. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.